मीटरात नसलेले मैल

नेब्रास्कात, व्हॅलेंटाइन गावाच्या अलीकडे
हरीण आडवं आलं.
आर्विदच्या खांद्याचं हाड मोडलं, मला खरचटलंही नाही,
आणि हरीण म्हणे उठून गेलं;
निदान पोलीस आले तेव्हा तिथे नव्हतं.

गाडी राहिली ड्वेन रस्कच्या तारेच्या कुंपणात,
दिवसाला पस्तीस डॉलर भाड्याने.
आम्ही बसने डुलुथला परतलो,
त्याचा हात झोळीत,
माझ्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली नंबरप्लेट.

मग फोन.
जो तो एकच विचारायचा:
चाकं फिरतात का?
स्टिअरिंग वळतं का?
मी सांगायचे, पुढचं डावं अडकलंय.
पलीकडे जरा शांतता, मग नवा आकडा.
न फिरणाऱ्या गाडीला विंच लागते,
विंचचे वेगळे.
खुर्चीत पडल्या पडल्या आर्विद ऐकायचा.
सकाळीच डॉक्टरने त्यालाही विचारलं होतं,
वळतो का? किती वळतो? दुखतं कुठे?

विमा कंपनीतली मुलगी गोड बोलली:
मॅडम, आमच्या हिशोबात ही गाडी संपली.
साडेअकराशे देतो, तिथेच सोडून द्या.
आणायचा खर्च चौदाशे चाळीस.
ऐनो भावोजींनी कागदावर बेरीज केली,
चष्मा काढला, पुसला,
चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, म्हणाले,
आणि माझी कॉफी संपवून गेले.

त्यांना काय सांगणार होते?
की जुन्या ब्यूकचा मीटर
एक लाख नव्याण्णव हजार चारशे बारावर थांबलाय?
की घरापर्यंतचे सहाशे चाळीस मैल
आर्विदने निघण्याआधीच वहीत मांडले होते,
आणि दोन लाख भरणार होते
मूस लेकच्या जरा पुढे?
तिथे गाडी कडेला घेऊन
पाच नऊ एकदम कसे उलटतात
ते आम्ही बघणार होतो.
एवढंच.
एवढ्यासाठी मोठी माणसं पैसे घालवत नाहीत.

यासिन वारसामे नावाच्या माणसाने भाव कमी केला नाही,
पण चाकं फिरतात का हेही विचारलं नाही.
म्हणाला, अकराव्या दिवशी उचलतो.
आर्विदने त्याला डाव्या हाताने मेसेज लिहिला,
अर्धा तास लागला:
मूस लेकला पोचलात की कळवा.
का, ते लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला.
मूस लेक. सगळं ठीक.
आर्विद उठून खिडकीशी गेला,
जणू पन्नास मैलांवरचं तिथून दिसतं.

ट्रक आला तेव्हा अंगणात एप्रिलचा मळका बर्फ होता.
साखळी कुरकुरत गाडी उतरली,
एका बाजूला कललेली,
दिवा फुटलेला, जाळीत हरणाचे केस.
यासिनचे रोजे चालू होते, कॉफी नको म्हणाला;
वेलदोड्याचा पाव मी कागदात बांधून दिला,
सूर्य मावळल्यावर खा म्हटलं.
त्याने सह्या घेतल्या,
आरशात बघत बघत ट्रक मागे घेतला.

आर्विद काचेतून वाकून बघत होता.
एक लाख नव्याण्णव हजार चारशे बारा.
एवढा रस्ता आली,
आणि तिच्या लेखी ती अजून नेब्रास्कातच.
त्याने बोटाने काचेवर दोनदा टिचकी मारली.
खोटारडा, म्हणाला.
मग त्याला हसू आलं, आणि हसल्यावर खांदा दुखला.

मी आत बसले.
पाय पेडलला पुरेनात.
सीट कुणीतरी मागे सरकवलेली;
ड्वेन असणार, तो उंच होता.
खालची दांडी उचलून मी ती पुढे ओढली,
एकोणीस वर्षं जिथे असायची तिथे,
कुठेच जायचं नसताना.